साडूंच्या गच्चीची वॉरंटी

ही गोष्ट सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. घरात कुणी माझ्या साडूंच्या फ्लॅटचा विषय काढला, की मी पाणी प्यायला उठत असे, नाहीतर टीव्हीचा आवाज वाढवत असे. बायकोला ते कळायचं. हल्ली ती विषयच काढत नाही. सासूबाई गेल्या, मग साडूही गेले. ज्यांच्याशी बोलायला हवं होतं तेच राहिले नाहीत, तेव्हा निदान लिहून तरी ठेवावं म्हणून बसलो आहे. घराच्या वॉरंटीबद्दल ज्यांना काही समजून घ्यायचं असेल, त्यांनाही यात थोडंफार सापडेल. तो विषय मला चांगला येतो. सगळी अडचण तिथूनच सुरू झाली.

मी नोकरीभर बांधकाम खात्यात होतो, करारांच्या शाखेत. ठेकेदाराने इमारत बांधून ताब्यात दिली म्हणजे तो सुटला, असं होत नाही. त्यानंतरही ठरलेल्या मुदतीत भिंत तडकली, छत गळलं, तर ते त्याने स्वतःच्या खर्चाने नीट करून द्यायचं असतं. ही मुदत कुठल्या तारखेपासून धरायची, कुठला दोष त्यात येतो, कुठला वापरामुळे झालेला म्हणून येत नाही, यावरून ठेकेदार आणि खातं यांची जी झटापट चालते, तिच्यात माझा जन्म गेला. ती सवय घरीही लागली. आमच्या मिक्सरचं भांडं वॉरंटी संपायला आठवडा असताना गळायला लागलं, तेव्हा मी इंदूरच्या तुकोगंजातल्या दुकानात जाऊन, ते बदलून मिळेपर्यंत काउंटरसमोरची खुर्ची सोडली नव्हती.

इंदूरच्या आमच्या मराठी घरांत एक पद्धत आहे. घराण्यात कुणीतरी सरकारी कचेरीत असतोच, होळकरांच्या दरबारी कारकुनी करणाऱ्या आजोबा-पणजोबांपासून चालत आलेलं. मग बाकीचे कागद वाचत नाहीत. तो कागद त्या माणसाला दाखवतात, आणि तो पेन्सिलीने फुली मारून देईल तिथे सही करतात. आमच्याकडे तो माणूस मी. थोरला जावई, त्यात करारांच्या शाखेतला. 'दादांना दाखवलं का?' हा प्रश्न लग्नाच्या हॉलच्या पावतीपासून विम्याच्या कागदापर्यंत सगळ्यांना लागू असे. मला ते आवडायचं. खोटं कशाला बोलू, फार आवडायचं.

साडू माझ्याहून काही वर्षांनी लहान. आम्ही दोघं सख्ख्या बहिणींचे नवरे. ते शाळेत पी.टी. शिकवत. गळ्यात शिट्टी, अंगात पांढरा टीशर्ट, आणि हसणं असं की शेजारच्या गल्लीतला माणूस वळून बघेल. उभी हयात त्यांनी मल्हारगंजात काढली, एका भांड्यांच्या दुकानावरच्या भाड्याच्या दोन खोल्यांत. खाली दिवसभर पितळ ठोकल्याचा आवाज चाले. जिना इतका अरुंद की कपाट आणलं तेव्हा ते दोरीने खिडकीतून वर घ्यावं लागलं. माझं मात्र राजेंद्र नगरात स्वतःचं घर. आधी दोन खोल्या, मग कर्ज काढून वर आणखी दोन. गणपती माझ्याकडे, कुलधर्म माझ्याकडे, मेहुणीचं बाळंतपणदेखील माझ्याकडे झालं. सासूबाईंना मुलगा नव्हता. सासरे गेल्यावर त्या माझ्याकडेच राहायला आल्या. साडू दर रविवारी स्कूटरवरून सासूबाईंना भेटायला येत आणि दारातूनच म्हणत, "आलो हो दादा, तुमच्या बंगल्यावर!" त्या 'बंगल्यावर' शब्दात टोमणा नव्हता. तो असता तर बरं झालं असतं, असं पुढे मला वाटलं.

ते निवृत्त झाले त्याच सुमारास देवासकडची त्यांची वडिलोपार्जित जमीन विकली गेली, आणि त्यांनी बायपासकडे एका नव्या मल्टीत फ्लॅट घेतला. इमारतीला आम्ही इंदूरवाले मल्टीच म्हणतो. सगळ्यात वरचा मजला, तीन खोल्या, लिफ्ट, आणि आतूनच जिना असलेली स्वतःच्या वापराची गच्ची. घेण्याआधी करारनामा अर्थातच माझ्याकडे आला. मी तो पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचला. दोषदुरुस्तीचं कलमही वाचलं. चोख होतं. मी फुल्या मारल्या, त्यांनी सह्या केल्या.

वास्तुशांतीला थोरला जावई म्हणून मला पाटावर बसवून मान दिला, उपरणं दिलं. मी ते खांद्यावर घेऊन घरभर फिरत होतो आणि मनातल्या मनात दोष शोधत होतो. दरवाजा थोडा घासतो. टाइल्सची रेघ इथे सरळ नाही. बाल्कनीचा कठडा ठेंगणा आहे. जे सापडेल त्याने थोडं बरं वाटत होतं.

साडूंनी मागची, बाल्कनीची खोली उघडून दाखवली. "आई, ही तुमची रूम. अब बोलो!"

सासूबाई दारात उभ्या राहिल्या. खिडकीतून वारा येत होता, पडदा हलत होता. त्यांनी पदर सावरला आणि तिथे जमलेल्या सगळ्या बायकांच्या देखत म्हणाल्या, "चला, माझ्या एका मुलीचं तरी घर मनासारखं झालं." मग माझ्याकडे वळून, अगदी प्रेमाने, "बघा जावईबापू, हवा कशी खेळून राहिली आहे. आपल्याकडे माझ्या खोलीत आपली ती एकच खिडकी, तीही जिन्याकडची."

बायका हसल्या. मीही हसलो. त्या वाक्यात काही वाईट नव्हतं, खिडकी खरोखरच एक होती. पण इतकी वर्षं मी त्यांचं औषध आणलं, डोळ्यांचं ऑपरेशन करून आणलं, त्यांचा उपासाचा राजगिरा वेगळ्या डब्यात भरून ठेवला, आणि 'मनासारखं' हा शब्द शिट्टीवाल्या माणसाच्या वाट्याला गेला. परतताना रिक्षात बायको म्हणाली, "छान आहे हो घर." मी म्हटलं, "वरचा मजला आहे. उन्हाळ्यात भट्टी होईल."

महिन्याभराने सासूबाई म्हणाल्या, "चार दिवस धाकटीकडे जाऊन येते." मी बॅग उचलून रिक्षात ठेवायला गेलो तर वर त्यांचा पितळी डबा होता. त्यात त्यांचे देव असत, माहेराहून आणलेला बाळकृष्ण आणि टाक. देव घेऊन कुणी चार दिवसांसाठी जात नाही. मी डबा नीट ठेवला, रिक्षावाल्याला 'भिया, आराम से' म्हणून सांगितलं आणि आत येऊन त्यांच्या खोलीचं दार लावून घेतलं.

त्यानंतर पुढे जे झालं ते माझ्या लक्षात फार स्पष्ट आहे. दुसऱ्या पावसाळ्यानंतरचा रविवार. आता साडू क्वचित येत, पण त्या दिवशी पोहे-जलेबीचा पुडा घेऊन आले. बायको ताटल्या आणायला आत गेली आणि त्यांनी मोबाइल माझ्यासमोर धरला.

"दादा, आईंच्या रूममध्ये वरून सीलन येऊन राहिली. हे बघा. पोपडे पडायला लागले."

फोटोत छताच्या कोपऱ्यात ओलीचा पिवळट डाग होता, कडेला काळसर. जिथे गच्चीची फरशी आणि कठड्याची भिंत मिळते, बरोबर त्याच्या खाली. असे डाग मी आयुष्यभर पाहिले होते. सांधा नीट भरलेला नसतो, पाणी तिथून उतरतं. बांधकामातला सरळ सरळ दोष.

"बिल्डरशी बोललात?" मी विचारलं.

"बोललो ना. त्याच्या ऑफिसातला पोरगा म्हणतो, अंकल, एक साल हो गया, वॉरंटी खत्म. मी म्हटलं, थांब रे बाबा, आमचे दादा आहेत, आधी त्यांना विचारतो. करारनामा आणलाय, स्कूटरच्या डिकीत आहे. काढू का?"

मी जलेबीचा तुकडा मोडला. मला जे माहीत होतं ते इथे सरळ लिहितो. घरखरेदीच्या नव्या कायद्याप्रमाणे ताबा मिळाल्याच्या दिवसापासून पाच वर्षांत बांधकामात, कारागिरीत किंवा दिलेल्या सोयींत दोष निघाला आणि घरमालकाने तो बिल्डरला कळवला, तर बिल्डरने तीस दिवसांच्या आत, एक पैसाही न घेता तो दुरुस्त करायचा असतो. नाही केला तर भरपाई मागता येते. साडूंना ताबा मिळून दोन वर्षंही पुरी झाली नव्हती. वर्षभराची वॉरंटी असते ती लिफ्टला, पंपाला, गीझरला, आणि तीही ते बनवणाऱ्या कंपनीची. तिचा आणि छताचा काही संबंध नाही. हे सगळं डिकीतल्या कागदातही होतं. मीच वाचलं होतं.

"काढायची गरज नाही," मी म्हटलं. "वर्षाचीच असते. लिफ्ट, पंप, सगळ्यालाच. तो बरोबर सांगतोय."

हे बोलायला मला काही जोर लावावा लागला नाही. माणसं म्हणतात तसं जिभेवर अडखळलं वगैरे काही नाही. उलट लिफ्ट आणि पंपाचं खरं मिसळल्यामुळे ते अगदी माहितगारासारखं वाजलं.

साडूंचा चेहरा क्षणभर पडला, मग त्यांनी मांडीवर थाप मारली. "चला, विषय संपला! आता काय करू मग?"

"कुणी चांगला माणूस बघा आणि गच्चीवरचा जुना कोबा फोडून नवीन करून घ्या. वर पांढऱ्या तुकड्यांचं चायना मोझेक लावा."

ही दुसरी गोष्ट पहिलीहून वाईट होती. मालकाने स्वतःच वरचा थर फोडला, की बिल्डर हात वर करतो, 'आमचं काम तुम्ही मोडलंत, आता दोष आमचा की तुमच्या मिस्त्रीचा हे कसं ठरवायचं?' असे वाद मी खात्यात किती पाहिले होते. हे सुचवताना मी मुद्दाम सापळा लावत होतो का? तसं म्हणवत नाही. पण पुढे काय होतं ते मला ठाऊक होतं, आणि मी थांबलो नाही.

जाताना ते बायकोला म्हणाले, "ताई, दादा आहेत म्हणून टेन्शन नाही. नाहीतर मी त्या बिल्डरच्या पोराशी भांडत बसलो असतो."

त्यांनी दिवाळीआधी कोबा फोडून घेतला. मला फोटो पाठवत होते, फुटलेल्या विटांचे, ओल्या सिमेंटचे, शेवटी पांढऱ्या चकचकीत गच्चीवर सासूबाई खुर्चीत ऊन खात बसल्या होत्या त्याचा. त्या फोटोचा मला इतका राग आला की मी मोबाइल उलटा ठेवला. पुढच्या पावसाळ्यात डाग पुन्हा आला, आधीपेक्षा मोठा. यायचाच होता. नवीन मिस्त्रीने फरशी बदलली होती, कठड्याच्या सांध्याला हातही लावला नव्हता.

सासूबाईंना त्या खोलीत खोकला सुरू झाला. त्यांचा पलंग दुसऱ्या खोलीत हलवला, मग हॉलमध्ये. मेहुणी फोनवर माझ्या बायकोपाशी रडली. मी त्याच आठवड्यात माझ्या घरातली सासूबाईंची जुनी खोली रंगवून घेतली. त्या येणार असं अजून कुणी म्हटलंही नव्हतं.

पंधरा दिवसांत आल्या. पितळी डबा मांडीवर होता. खोलीत पाऊल टाकताच त्यांनी नाक वर केलं. "रंगाचा वास येऊन राहिलाय. मी येणार हे तुम्हाला आधीच कळलं होतं का जावईबापू?"

"अंदाज होता," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं, मग देव मांडायला बसल्या. मला वाटलं होतं, त्या परत आल्या की मला समाधान होईल. झालंही, दोन-तीन दिवस. पण त्या रोज दुपारी धाकटीला फोन करून विचारत, "माझी खोली वाळली का ग?" माझी खोली. माझ्या घरात बसून.

साडूंच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये कोल्हापूरकडची एक तरुण मुलगी राहायची, नवराबायको दोघं इथल्या कंपनीत नोकरीला. तिला आमचं 'येऊन राहिलं, जाऊन राहिलं' ऐकून हसू यायचं, आणि तिचं ठसठशीत मराठी ऐकून साडूंना. तिच्या छतालाही तसाच डाग आला होता. तिने करारनामा उघडून वाचला, बिल्डरला रीतसर लिहून कळवलं, पोच घेतली, आणि महिन्याच्या आत त्याची माणसं येऊन सांधा खोलून, रसायन भरून, काम करून गेली. फुकट. साडूंनी तिला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "अहो काका, पाच वर्षं असतात की! तुमचं अजून वॉरंटीत आहे."

त्यांचा मला फोन आला. मी खुर्चीचा हात घट्ट धरून ऐकत होतो. आता ते विचारणार, असं वाटलं. पण ते हसत होते. "दादा, तुमचा कायदा पुराना निघाला, भिया! तुम्ही रिटायर झाल्यावर बदलला वाटतं. आता मुदत पाच वर्षांची झाली आहे. तुमचा काय दोष, तुम्ही तुमच्या वेळचं सांगितलं."

सुटका झाली म्हणून मी देवाचे आभार मानायला हवे होते. त्याऐवजी मला संताप आला. मला कायदा माहीत नाही? त्या कोल्हापूरच्या पोरीला माहीत आणि मला नाही? 'मला सगळं माहीत होतं' असं ओरडावंसं वाटलं, केवळ शहाणपणा सिद्ध करायला. त्या दिवशी मी कबुलीच्या जितका जवळ पोचलो तितका पुन्हा कधी पोचलो नाही, आणि ते पश्चात्तापामुळे नव्हतं.

"असेल बदलला," मी म्हटलं.

बिल्डरचा माणूस त्यांच्याकडे येऊन गच्ची बघून गेला. "अंकल, आपने तो पूरा तुड़वा दिया. हमारा काम तो बचा ही नहीं. अब इसमें हम क्या करें?" साडूंनी हे मला त्याच्याच आवाजात करून दाखवलं आणि मग गंभीर होऊन विचारलं, "लढू का दादा? तुम्ही म्हणाल तर लढतो."

लढता आलं असतं. कठड्याचा सांधा कुणी फोडला नव्हता, पाणी तिथूनच उतरतं हे एखाद्या इंजिनिअरने येऊन लिहून दिलं असतं, शेजारचं तसंच काम बिल्डरने स्वतः केलेलं होतं, आणि मुदत शिल्लक होती. तक्रारीचा मसुदा मी एका बैठकीत लिहिला असता. पण तो लिहायचा म्हणजे मला किती माहीत आहे हे त्यांच्यासमोर मांडायचं. मग त्या रविवारी हे ज्ञान कुठे होतं, हे कुणीही विचारलं असतं.

"या वयात कशाला कोर्टकचेरी," मी म्हटलं. "डोक्याला ताप."

बायको दारात उभी होती. साडू गेल्यावर तिने चहाचे कप उचलले आणि म्हणाली, "मिक्सरच्या भांड्यासाठी दुकानात अख्खी दुपार ठिय्या मारून बसला होतात. आणि त्यांच्या घरासाठी एक कागद बघवला नाही तुम्हाला?"

"तुला त्यातलं काही कळत नाही."

"त्यातलं नाही कळत," ती म्हणाली, आणि आत गेली.

पुढचे दोन पावसाळे साडूंनी मेणकापड, डांबर, कुणी सांगेल ते औषध, सगळं करून पाहिलं. दुसऱ्या खोलीतही ओल उतरली. मेहुणीला धाप लागायला लागली. शेवटी नागपूरला राहणारी त्यांची मुलगी म्हणाली, "बाबा, बस झालं, नागपूरला चला." त्यांनी फ्लॅट एका व्यापाऱ्याला पडेल भावात दिला. आयुष्यात एकदाच त्यांच्याकडे स्वतःचं घर आलं होतं, आणि ते पाच-सहा वर्षंही टिकलं नाही. सामान जाताना मी मदतीला गेलो होतो. रिकाम्या खोल्यांत त्यांचा आवाज घुमत होता. ते म्हणाले, "नागपूरला कुणी भिया म्हणणारं नाही हो दादा. तिकडे मी काय करू?" मग स्वतःच हसले. "मोहल्ल्यातल्या पोरांना परेड करायला लावीन."

सासूबाई त्या हिवाळ्यात माझ्याकडेच वारल्या. त्यांचं सगळं मी केलं. लोक म्हणाले, थोरल्या जावयाने मुलासारखं केलं.

नागपूरला गेल्यावर साडू फोन करत, बहुतेक रविवारी. एकदा म्हणाले, "दादा, पोरीने नवीन फ्लॅट घेतला ना, त्यात बाथरूमच्या भिंतीतून ओल येऊन राहिली. यावेळी नवा कायदा बघून सांगा हं."

आणि मी सांगितलं. न थांबता, जवळजवळ अर्धा तास. ताब्याची तारीख कागदावर कोणती आहे ती आधी बघा, मुदत तिथून. फोनवर बोलून उपयोग नाही, लेखी कळवा, ईमेल आणि रजिस्टर्ड पोस्ट दोन्ही, फोटो तारखेसह काढा. बिल्डर 'वॉरंटी एक वर्षाची' म्हणाला तर ती गीझरची असते, भिंतीची नाही. वॉटरप्रूफिंग करणाऱ्याने वेगळी हमी दिली असेल तर तिचा कागद मागा, पण ती आहे म्हणून बिल्डर सुटत नाही. आणि काहीही झालं तरी त्याने पाहून जाईपर्यंत तुम्ही स्वतः भिंतीला हातोडी लावू नका. फोडलंत की हक्क अडचणीत येतो.

साडू म्हणाले, "बापरे. हे सगळं कधी वाचलंत?"

"आत्ताच. हल्ली," मी म्हटलं.

"बरं झालं," ते म्हणाले.

त्या फोननंतर मला राहवेना. समोरासमोर बोलायचं ठरवून मी नागपूरला गेलो. बायकोला सांगितलं, भेटून येतो. तिने कारण विचारलं नाही, फक्त मेहुणीसाठी लसणाची शेव बांधून दिली.

तिथे काय झालं ते सांगायची मला सगळ्यात जास्त लाज वाटते. भिंत दुरुस्त झाली होती. साडूंच्या मुलीने मी सांगितलं तसं सगळं केलं होतं आणि बिल्डरला काम करून द्यावं लागलं होतं. तिच्या नवऱ्याने मला वाकून नमस्कार केला. जेवायला श्रीखंड होतं. शेजारचे दोघंतिघं मुद्दाम भेटायला आले, 'तुमच्याकडून थोडं समजून घ्यायचं होतं' म्हणून. मला मधल्या खुर्चीत बसवलं. मुलगी म्हणाली, "काका, तुम्ही नसता ना, तर आम्हीपण बाबांसारखं स्वतःच फोडून बसलो असतो!"

सगळे हसले. साडू सगळ्यात मोठ्याने हसले. "मी तर पी.टी. मास्तर! तोडफोडच येते मला."

तिथे मी बोलायला हवं होतं. मी मठ्ठासारखा बसून राहिलो असं म्हणणंही सौम्य होईल. मला ते सगळं आवडलं. त्यांच्या मुलीच्या घरात, त्यांच्या देखत, सगळे माझ्याकडे तोंड करून बसले होते, आणि मी शेजाऱ्यांना तारखा आणि कलमं समजावत होतो. आलो होतो कशाला, हे मी दोन दिवस विसरलो.

निघताना साडू मला सोडायला खाली गेटपर्यंत आले. रिक्षा यायची होती. त्यांची चाल मंदावली होती, जिन्यावर मध्ये थांबावं लागलं. गेटजवळच्या कट्ट्यावर आम्ही बसलो. ते म्हणाले, "दादा, यावेळी तुम्ही अगदी मन लावून सांगितलंत."

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते रस्त्याकडे बघत होते, रिक्षा दिसते का ते. चेहऱ्यावर राग नव्हता, प्रश्नही नव्हता. त्यांना कळलं होतं का? किती दिवसांपासून? मी तोंड उघडलं. तेवढ्यात रिक्षा आली, त्यांनी माझी बॅग माझ्या आधी उचलली आणि आत ठेवली. मी म्हटलं, "तब्येत सांभाळा." ते म्हणाले, "तुम्ही या परत. शेव घेऊन या." चार महिन्यांनी ते झोपेतच गेले.

मला म्हणायचं होतं ते एवढंच होतं: साडूभाऊ, त्या रविवारी तुम्ही मला विचारलंत तेव्हा मला माहीत होतं. कायदा जुना नव्हता. तुमची तीन वर्षं शिल्लक होती, गच्ची फोडायची गरज नव्हती, आणि लढलो असतो तर आपण जिंकलोही असतो. आई तुमच्याकडे सुखात होत्या, तुमचं घर माझ्यापेक्षा चांगलं होतं, आणि ते मला बघवलं नाही. तुमचं घर मी घालवलं. मला माफ करा.